पेव्हर ब्लॉक का खचतात? अंगण आणि ड्राइव्ह-वेची फरसबंदी टिकवायची तर काय पाहावं

पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना एखाद्या ब्लॉकवर पाय पडतो, तो एका बाजूला कलतो आणि खालचं गढूळ पाणी थेट कपड्यांवर उडतं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. तरुण माणूस वैतागून पुढे जातो. सत्तरीच्या आजींचा पाय अशाच हलत्या ब्लॉकवर मुरगळला किंवा त्या पडल्या, तर मात्र प्रकरण मनगटाच्या किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरपर्यंत जातं.

मग सोसायटीच्या सभेत एकच सूर लागतो: ब्लॉक हलक्या दर्जाचे होते. पण खचलेल्या जागेवरचा ब्लॉक उपटून पाहिला, तर बहुतेक वेळा तो अखंड, धडधाकट निघतो. बिघडलेलं असतं ते त्याच्या खालचं. पेव्हरच्या फरसबंदीत डोळ्यांना दिसणारा थर सहा-आठ सेंटीमीटरचा आणि न दिसणारं काम त्याच्या तिप्पट-चौपट खोल. कंत्राटदाराला पैसे वाचवायचे असतील तर तो कुठे वाचवणार, हे वेगळं सांगायला नको.

## ही पद्धत आली कुठून

विटा मांडून रस्ता करणं जुनंच आहे. नेदरलँड्समध्ये दगड कमी आणि नदीकाठची चिकणमाती भरपूर, म्हणून तिथे कडक भाजलेल्या विटांचे रस्ते शतकानुशतकं होत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त घरं बांधायलाच विटा पुरेनात, तेव्हा रस्त्यांसाठी त्याच मापाचे काँक्रीटचे ब्लॉक वापरात आले. पुढे जर्मनीत एकमेकांत अडकणारे नागमोडी आकार तयार झाले. आपल्याकडे ज्याला ‘झिगझॅग’ म्हणतात तो त्याच घराण्यातला.

भारतात या ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक २००६ मध्ये आलं. त्याआधी २००४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी एसपी ६३ ही मार्गदर्शिका काढली होती. म्हणजे काम कसं करायचं, हे लिहून ठेवून वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. अडचण आहे ती त्या कागदाची आणि आपल्या अंगणाची क्वचितच गाठ पडते ही.

## सुट्ट्या ब्लॉकवर गाडी उभी राहते ती कशी

ब्लॉक खाली चिकटवलेले नसतात. ते वाळूवर नुसते मांडलेले असतात आणि दोन ब्लॉकांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. ही फट म्हणजे कामातली ढिलाई नव्हे, तीच या रचनेचा जीव आहे. तिच्यात बारीक वाळू ठासून भरली की एका ब्लॉकवर चाक आलं तरी घर्षणामुळे शेजारचे ब्लॉक त्याच्याबरोबर भार उचलतात. एका ब्लॉकवरचं वजन असं दहा-बारा ब्लॉकांवर पसरतं.

यासाठी तीन गोष्टी लागतात. सांध्यात वाळू भरलेली हवी, चारही बाजूंनी ब्लॉक घट्ट धरून ठेवणारी कड हवी आणि खालचा पाया दबणारा नको. यातली एक जरी गेली तरी उरलेल्या दोन फार काळ टिकत नाहीत. वाळू निघून गेली की ब्लॉक एकटा पडतो आणि हलू लागतो. हलला की सांध्यातून पाणी जास्त जातं, पाण्याने पाया मऊ होतो आणि मग खड्डा पडतो.

## जाडी गाडीवर ठरवू नका, टँकरवर ठरवा

२००६ च्या मानकात वाहतुकीनुसार जाडी आणि ताकद यांची जोडी सांगितली आहे. नुसतं चालायला ५० मिमी आणि एम-३०, हलक्या वाहनांना ६० मिमी आणि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० मिमी आणि एम-४०, जड वाहतुकीला १०० मिमी आणि एम-५०. बंगल्याच्या अंगणात दोन मोटारी उभ्या राहणार असतील तर ६० मिमी पुरतात.

सोसायटीत मात्र गणित चुकतं. सभासद म्हणतात, आमच्याकडे सगळ्या छोट्या गाड्या आहेत, साठचेच टाका. उन्हाळ्यात रोज येणारा पाण्याचा टँकर कुणाच्या लक्षात राहत नाही. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन, त्यात ट्रकचं स्वतःचं वजन वेगळं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्तेचाचणीतून एक ढोबळ नियम निघाला, तो आजही वापरला जातो: रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या चौथ्या घातानुसार वाढतं. मोटारीच्या एका आसावर साधारण अर्धा टन आणि भरलेल्या टँकरच्या मागच्या आसावर दहा टन धरले, तर भार वीसपट झाला. नुकसान वीसपट होत नाही. वीसचा चौथा घात घेतला तर आकडा येतो एक लाख साठ हजार. हा नियम डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरून निघालेला आहे, ब्लॉकला तो तंतोतंत लागू होईलच असं नाही. तरी टँकर, कचऱ्याची गाडी आणि वेळ पडली तर अग्निशमन दलाचा बंब ज्या वाटेने येणार, ती वाट ८० मिमीची आणि जाड पायाची करणं किती गरजेचं आहे, हे त्यावरून कळतं. बाकीची मागची मोकळी जागा साठची ठेवली तरी चालते. सगळीकडे एकच जाडी हवी असा काही नियम नाही आणि खर्च वाचवायचा असेल तर तो इथे वाचवता येतो.

## काळी माती, मुरूम आणि जांभा

खणायला सुरुवात करण्याआधी जमीन कोणती, हे पाहायला हवं.

कोकणात आणि गोव्यात वरचा थर अनेकदा जांभ्याचा असतो. तो पाणी निचरू देतो आणि दबत नाही, त्यामुळे निम्मं काम निसर्गानेच केलेलं असतं. तिथला शत्रू पावसाचा जोर. देशावर पक्का मुरूम लागला तर तेही नशीबच म्हणायचं. खरी कसोटी काळ्या मातीची. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर कितीही महागडा ब्लॉक टाका, खालची जमीन दरवर्षी वर-खाली होणार असेल तर पृष्ठभागाला लाटा येतातच.

अशा जागी काळी माती शक्य तितकी खोल काढून टाकायची आणि तिच्या जागी चांगला मुरूम थराथराने दाबत भरायचा. मातीच्या आणि खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं तर फार फायदा होतो. ते नसेल तर ओली माती हळूहळू खडीच्या पोकळ्यांत वर चढते आणि खडी खाली रुतते. हे कापड एकूण खर्चाच्या मानाने स्वस्त असतं, पण कोटेशनमध्ये क्वचितच दिसतं.

मुरमाच्या जमिनीवर मोटारींसाठी पायाचा थर दाबल्यानंतर १५० मिमी, काळ्या मातीवर किंवा टँकरच्या वाटेवर २५० ते ३०० मिमी धरावा. पायासाठी वेगवेगळ्या मापांची खडी आणि कच एकत्र असलेला माल लागतो. रस्त्याच्या कामावर त्याला वेट मिक्स म्हणतात. एकाच मापाची खडी टाकली तर तिच्यात पोकळ्या राहतात आणि वरची वाळू त्यांत झिरपून जाते.

हिशेबाचं एक उदाहरण. ५०० चौरस फुटांचा ड्राइव्ह-वे म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. १५० मिमी पक्का थर हवा तर सुमारे सात घनमीटर, म्हणजे अडीच ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून सुटा माल तीन ब्रासच्या थोडा वर मागवावा लागतो. कंत्राटदाराने या मापाच्या कामाला एकच ब्रास खडी उतरवली, तर पुढे काय होणार ते त्या दिवशीच कळलं असं समजा.

## दाबणं: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

फूटभर भराव एकदम टाकून वरून एकदाच यंत्र फिरवलं तर वरचे चार इंच कडक होतात आणि खालचे आठ भुसभुशीत राहतात. प्लेट कॉम्पॅक्टरने काम करायचं तर एका वेळी चार इंचांपेक्षा जाड थर टाकू नये. मालात पाणी नेमकं हवं. मूठभर उचलून दाबल्यावर लाडू वळला, पण हाताला चिखल लागला नाही, म्हणजे ओल बरोबर. कोरडा माल कितीही कुटला तरी बसत नाही आणि फार ओला असेल तर तो पायाखाली रबरासारखा हलतो.

लोखंडी धुम्मस कोपऱ्यांत आणि भिंतीलगत चालते. अख्ख्या अंगणासाठी ती पुरत नाही.

जिथे आधी पाण्याची, गॅसची किंवा ड्रेनेजची लाइन टाकलेली आहे तिथे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. अशा चरात माती बहुधा नुसती ढकललेली असते. वर्षभराने ब्लॉकवर एक लांबलचक खोलगट पट्टा उमटतो. तो थेट पाइपच्या रेषेत असतो. त्यामुळे ब्लॉक टाकण्याआधी चर पुन्हा उघडून थराथराने भरून घेणं आणि पुढेमागे लागणाऱ्या वायरी-नळ्यांसाठी एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवणं, दोन्ही कामं त्याच वेळी उरकावीत.

## उतार आणि जोतं

पाण्याला जायला वाट हवी. दर मीटरला दोन सेंटीमीटर, म्हणजे दहा फुटांना सुमारे अडीच इंच, हा उतार चांगला. हा उतार पायाच्या थरालाच द्यायचा असतो. अनेक ठिकाणी पाया सपाट करून वाळूच्या थराने उतार साधतात, म्हणजे एका टोकाला वाळू एक इंच आणि दुसऱ्या टोकाला चार इंच. जाड वाळूचं टोक आधी खचतं आणि उतार उलटा होतो.

पाणी घरापासून दूर जायला हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. जोत्याचं भान मात्र सुटतं. जुन्या फरशीवरच नवे ब्लॉक टाकले की अंगण चार-पाच इंचांनी वर येतं आणि जोत्याची उंची तेवढीच कमी होते. मग पाऊस भिंतीवर उडतो, ओल चढते, आतल्या प्लास्टरचे पोपडे निघतात आणि दोष जातो रंगाऱ्याला. ब्लॉकचा माथा जोत्याच्या ओल-प्रतिबंधक थराच्या निदान सहा इंच खाली राहिला पाहिजे. तेवढी जागा नसेल तर जुनी फरशी उखडणं भागच आहे.

आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या अंगणावर एका दिवसात ५० मिमी पाऊस पडला तर दहा हजार लिटर, म्हणजे बरोबर एक टँकर. हे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवलं नाही तर ते शेजाऱ्याच्या आवारात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये स्वतःची वाट शोधतं. पुनर्भरणाचा खड्डा किंवा बोअरवेलची रिचार्ज व्यवस्था करायची असेल तर हीच वेळ.

## वाळूचा थर आणि तिथली चलाखी

दाबलेल्या पायावर ३० ते ४० मिमी वाळू पसरायची. दोन सरळ पाइप समांतर ठेवून, त्यांवरून लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा पाटा ओढून ती एकसारखी करतात. त्यानंतर तिच्यावर पाय ठेवायचा नाही. गवंडी ब्लॉक मांडत पुढे सरकतो आणि मांडलेल्या ब्लॉकवरच बसतो.

नदीची वाळू आता मिळत नाही, त्यामुळे धुतलेली क्रश सँड वापरतात आणि ती चांगली चालते. गडबड होते ती क्रशरवरचा कच सरसकट वापरला की. कचात पिठासारखी बारीक पूड बरीच असते. ती पाणी धरून ठेवते आणि चाकाचा दाब आला की त्याची राळ होऊन सांध्यांतून वर येते. सुरुवातीला सांगितलेली गढूळ पिचकारी ती हीच. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि तास-दोन तास तशीच ठेवा. वर साचलेला गाळ वाळूच्या उंचीच्या एक दशांशापर्यंत गेला तर गाडी परत पाठवावी.

‘पक्कं’ व्हावं म्हणून वाळूत सिमेंट मिसळण्याचा आग्रह अनेकदा मालकच धरतो. त्याने थर कडक होतो, पण जाड काँक्रीटची ताकद त्याला नसते. भार आला की त्याला तडे जातात, तुकडे होतात आणि ब्लॉक त्या तुकड्यांवर डुगडुगतात. शिवाय पुढे नळ दुरुस्तीसाठी ब्लॉक काढायची वेळ आली तर तळाला चिकटलेलं सिमेंट छिन्नीने काढत बसावं लागतं.

खाली आधीच काँक्रीटचा स्लॅब असेल, उदाहरणार्थ तळमजल्यावरच्या पार्किंगच्या छतावर, तर वेगळाच धोका असतो. पाणी सांध्यातून झिरपतं आणि स्लॅबवर साठून राहतं. वरची वाळू मग कायमची पाण्यात. अशा जागी स्लॅबला उतार हवा आणि सखल टोकाला पाणी निघायला छिद्रं हवीत. त्यांवर वाळू वाहून जाऊ नये म्हणून जाळी किंवा कापड घालतात.

## कड, मांडणी आणि कापाकापी

काठाला कर्ब स्टोन किंवा काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि आतले सांधे रुंद होतात. पुस्तकांच्या रांगेला शेवटचा टेकू काढून घेतल्यावर होतं तसंच. कड पायावर काँक्रीटमध्ये बसवलेली हवी, मातीत खोचलेली नको. नुसता सिमेंटचा गोलावा मारून दिलेली कड दोन पावसाळे काढते.

मांडणीत सर्वात मजबूत ती माशाच्या काट्यासारखी, कंत्राटदार तिला हेरिंगबोन म्हणतात. गाडी ब्रेक मारते किंवा उभ्या-उभ्या स्टिअरिंग फिरवते तेव्हा ब्लॉकांवर आडवा जोर येतो, आणि या मांडणीत एकही सांधा त्या जोराला सरळ लांबवर वाट देत नाही. सरळ ओळीत मांडायचेच असतील तर लांब सांधे गाडीच्या दिशेला आडवे ठेवावेत.

कोपऱ्यांत ब्लॉक कापावे लागतात. एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा चाकाखाली टिकत नाही. शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे बसवले की भागतं. कोरड्या कटरने कापताना उडणारी पांढरी धूळ म्हणजे बारीक सिलिका. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कटरवर पाण्याची धार आणि कामगाराच्या तोंडाला धड मास्क, एवढी अट मालकाने घातली पाहिजे. चेहऱ्याला गुंडाळलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

मांडून झालं की कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरायची, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. वाळू ओली असेल तर ती वरच अडकते आणि सांधा आतून पोकळ राहतो, म्हणून हे काम पावसाळ्यात उरकू नये. रंगीत ब्लॉकवर ओरखडे पडू नयेत म्हणून यंत्राखाली रबरी चटई लावतात. दोन-तीन आठवड्यांनी वाळू थोडी खाली बसते, तेव्हा एकदा पुन्हा भरून घ्यायची. ही शेवटची फेरी करायला कंत्राटदार सहसा परत येत नाही, घरच्यांनीच एका रविवारी झाडू हाती घ्यावा.

## ब्लॉक घेताना

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक यंत्राच्या दाबाखाली केलेले, खरखरीत पाठीचे. दुसरे रबराच्या किंवा प्लास्टिकच्या साच्यात ओतलेले, चकचकीत. चकचकीत ब्लॉक नमुन्यात फार छान दिसतात. पावसात त्यांवर पाय घसरतो आणि वर्ष-दोन वर्षांत चकाकी गाड्यांच्या चाकांखाली निघून जाते. गाडीच्या वाटेवर आणि जिथे वयस्कर माणसं चालतात तिथे खरखरीतच घ्यावेत.

मानकानुसार ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. अंदाज घरीही घेता येतो. कडकडीत वाळलेला ब्लॉक वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोचा ब्लॉक ३ किलो १८० ग्रॅमच्या फार पुढे गेला तर तो सच्छिद्र आहे. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवून मोजतात, तेवढी अचूकता यात नाही. मोठ्या कामाला प्रयोगशाळेचा अहवाल मागावाच. ब्लॉक कधी काढले तेही विचारावं. सिमेंटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात आणि पाणी न मारता आठवड्यात ट्रकवर चढवलेला माल कडांना लगेच झडतो.

मातीच्या विटांचं काय? तांबड्या विटांचं अंगण दिसायला कोणत्याही काँक्रीटपेक्षा उजवं, आणि तो रंग फिकाही पडत नाही. पण गावच्या वीटभट्टीतली साधी वीट यासाठी नाही. बांधकामाच्या साध्या विटेला मानक २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं, आणि अशी वीट चाकाखाली दोन-तीन वर्षांत झिजते. शेवाळही तिच्यावर लवकर धरतं. फरसबंदीच्या विटा जास्त तापमानाला भाजलेल्या, दाट असतात. दोन एकमेकांवर आपटल्या की भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. त्या महाग पडतात. नुसतं बसायला-चालायला जागा करायची असेल तर भट्टीतल्या निवडक पक्क्या विटा उभ्या कडेवर लावून चांगलं काम होतं.

## झाडं आणि मोकळी माती

संपूर्ण आवार ब्लॉकने झाकून टाकण्याची हौस आता थोडी आवरायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. कारण साधं आहे. मुळांना हवा आणि पाणी लागतं, आणि ते मिळालं नाही तर झाड कमजोर होऊन वादळात पडतं, कधी खाली उभ्या गाडीवर. ज्या नेदरलँड्सने ही ब्लॉकांची चाल रूढ केली तिथे आता उलटी स्पर्धा चालते. २०२० मध्ये रॉटरडॅम आणि ॲम्स्टरडॅम या शहरांत, घरासमोरच्या फरश्या उखडून तिथे झाडं कोण जास्त लावतं, अशी चुरस लागली आणि पुढच्या वर्षापासून ती देशभर पसरली.

गाडीच्या दोन चाकांपुरते दोन पट्टे आणि मध्ये हिरवळ, ही जुन्या बंगल्यांतली रचना आजही उत्तम आहे. ब्लॉक निम्मे लागतात आणि पाणी जागच्या जागी जिरतं.

## वर्षभराची देखभाल

फार काही करावं लागत नाही, पण वेळेवर करावं लागतं. मे महिन्यात सांध्यांत नखाने खरवडून पाहा. वाळू सेंटीमीटरभर खाली गेली असेल तर कोरडी वाळू भरून घ्या. रिकाम्या सांध्यातच गवत उगवतं. उगवलेलं गवत लहान असतानाच उपटावं, मोठं झाल्यावर त्याच्या मुळांबरोबर वाळूही वर येते.

गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर सांध्यावर धरला तर मिनिटभरात वर्षाची वाळू उडते. वापरायचाच असेल तर लांबून आणि तिरका धरावा, आणि नंतर वाळू भरावी. मुंग्या वाळू काढून बाहेर ढीग लावतात, त्याने फार बिघडत नाही. घूस मात्र गंभीर. कचराकुंडीजवळच्या ब्लॉकखाली ती बीळ करते, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस गाडीचं चाक आत जातं. ब्लॉकवर टाच आपटून पोकळ आवाज येतो का, हे अधूनमधून पाहिलेलं बरं.

नव्या ब्लॉकवर पांढरी पूड दिसते तो सिमेंटमधला चुना. तो पाऊस-वाऱ्याने आपोआप जातो. त्यावर ॲसिड ओतायचं नाही, त्याने काँक्रीटच खाल्लं जातं. शेवाळासाठी ताठ ब्रश आणि पातळ केलेली ब्लीचिंग पावडर पुरते. ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद आवारात तो जीवघेणा ठरू शकतो. तेलाच्या डागावर आधी लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावं, मग साबणाच्या पाण्याने घासावं.

खचलेली जागा दुरुस्त करता येते, हा या फरसबंदीचा सर्वात मोठा गुण. दोन स्क्रू ड्रायव्हर सांध्यात घालून पहिला ब्लॉक उचलावा लागतो, बाकीचे हाताने निघतात. खड्ड्यापेक्षा दोन ओळी जास्त काढा. मग नुसती वाळू भरून समतल करण्याचा मोह होतो आणि पुढच्या पावसात तोच खड्डा परत येतो. वाळू बाजूला काढून खालचा पाया पाहा. तो मऊ असेल तर तेवढा खणून खडी भरा, दाबा, वर तेवढीच ३०-४० मिमी वाळू टाका. ब्लॉक आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्धा सेंटीमीटर वर ठेवावेत, कॉम्पॅक्टर फिरवल्यावर ते बरोबर बसतात.

## कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं

‘पेव्हर ब्लॉक बसवणे, प्रति चौरस फूट अमुक रुपये’ एवढ्या एका ओळीवर लाखोंची कामं दिली जातात. त्याऐवजी खोदाई किती, पायाचा थर दाबल्यानंतर किती मिलिमीटर, तो किती थरांत, वाळू कोणती, ब्लॉकची जाडी आणि ग्रेड काय, कड कशी आणि उतार कुठल्या दिशेला, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्यावं. पाया झाल्यावर आणि वाळू टाकण्याआधी काम एक दिवस थांबवून समितीच्या कुणीतरी टेप लावून खोली मोजावी, फोटो काढावेत. वाळू पडल्यावर खाली काय आहे हे कुणालाच दिसणार नाही. बिलाची काही रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवण्याची अट चांगला कंत्राटदार मान्य करतो.

आणि मोजमापापेक्षा शंभरामागे तीन-चार ब्लॉक जास्तीचे घेऊन जिन्याखाली ठेवून द्यावेत. तीन वर्षांनी तोच आकार मिळाला तरी तोच रंग मिळत नाही.